सहाशे अकरा

फ्रिजच्या दारात, कॉडच्या गाभोळीशेजारी
निळं पेन. रात्री नऊला टोर्ब्योर्ग
पोटाची चिमूट धरते, टोचते.

तीस वर्षं लोफोटेनच्या कारखान्यात
मासे चिरून हाडाची काडं केली.
स्कॅनमध्ये ती काडं दिसली, खरोखरची.

पाळी गेली तेव्हा वाटलं होतं, सुटले.
इस्ट्रोजेन जाताना
हाड पोखरणाऱ्यांच्या वेसणी सोडून गेलं
हे मागाहून कळलं:
बर्फावर नाही, जिन्यावर नाही,
नुसतं शिंकताना मणका खचला तेव्हा.

डॉक्टरीण म्हणाली, या सुईतलं संप्रेरक विचित्र.
मुक्कामाला राहिलं तर हाड खातं;
रोज येऊन घटकाभरात निघून गेलं
तर गवंडी जागे करतं.
पण दोनच वर्षं. मग दुसरं औषध,
बांधलेलं राखायला.

टोर्ब्योर्गला हसू फुटलं.
आर्नफिन असाच होता.
बोटीवरून आला की पहिल्या दिवशी छप्पर ठोकायचा,
आठवडा राहिला की ताटं आपटायचा.

बाहेर लाकडी मांडवांवर कॉड वाळतायत,
वाऱ्यावर, हलके, खडखडीत.
ती कॅलेंडरवर फुली मारते.
सहाशे अकरा.

उद्या नात येईल, हात वर करून उभी राहील.
उचलायचं नाही, असं ठरलंय.

बघू.