फोटो पाठवण्याआधी

देणगीदारांना दर महिन्याला फोटो लागतो.
मशीन दिसलं पाहिजे, काम दिसलं पाहिजे,
वैशंपायनबाई म्हणतात, आणि तोंड एकही नको.
रामबागेच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या टेबलाशी
मी माउसने एकेका बाईचं तोंड पुसते,
पोळपाट पुसावा तसं, गोल गोल.

मला वाटलं, झालं.
तिनं मागून वाकून पाहिलं
(तिचं नाव इथेही लिहीत नाही)
आणि म्हणाली, हात राहिले.
मनगटावर विंचू गोंदलेला,
माहेरच्या जत्रेतला, ती आठ वर्षांची असतानाचा.
"विंचू ओळखेल तो. तोंडाकडे कधी पाहिलंय त्यानं?"

विंचू पुसला.
खिडकीतून दिसणारी दुकानाची पाटी पुसली.
भिंतीवरचं शेवेच्या कारखान्याचं कॅलेंडर, पत्त्यासकट.
तिची बसायची ढब, डावा खांदा जरा खाली,
ती कशी पुसायची?
बाईंना विचारलं. त्या चष्मा काढून बसून राहिल्या.
शेवटी मशीन उरलं,
आणि मशीनपाशी धुरासारखं काहीतरी.
पाठवल्या पाठवल्या उत्तर आलं: छान उपक्रम.

रंगपंचमीला म्हणाली, गेर बघायला जाऊ.
चौदा महिन्यांत ती फाटकाबाहेर गेली नव्हती.
निघण्याआधी मी तिला कोपरापर्यंत माखलं,
विंचवावर दोन थर दिले.
राजवाड्यापुढे टँकर रंग ओकत होते,
गुलाल गच्च्यांच्याही वर,
सगळं इंदूर एका तोंडाचं.
तो असेलही तिथे. अगदी शेजारी.
बुरा न मानो म्हणत मूठभर त्यानंच टाकला असेल
तिच्या डोक्यावर, आणि पुढे गेला असेल.
ती नाचली. डावा खांदा खाली ठेवूनच नाचली,
आणि मी प्रत्येक पुरुषाच्या डोळ्यांत बघत राहिले.
एका पोरानं मोबाईल आमच्यावर रोखला,
मी सवयीनं हात आडवा घातला.
तिनं तो खाली ओढला.

रात्री नळाखाली बराच वेळ तोंड धुतलं,
कानामागचा हिरवा निघेना, राहू दे म्हणाली.
मग: आता काढ एक. असाच.
कुठे पाठवायचाय?
कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर काढून दिला,
फोनमधला तिच्यासमोर घालवला.
एकच प्रत आहे.
कुठे ठेवलीय ते
मी विचारलेलं नाही.