शिडी मिळेल का?

नोवी सादला, डॅन्यूबकाठच्या आमच्या सहामजली इमारतीत
त्या वर्षी एकच संगणक होता,
आणि तो दोन किलो कॉफीत लपून आला होता.
ट्रिएस्टहून परतताना सीमेवर माझा भाऊ रादिवोय
कस्टमवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला,
घामाघूम, भर डिसेंबरात.
पुढे महिनाभर कळांना कॉफीचा वास.

कळा रबराच्या.
गार झालेल्या माणसाचं बोट दाबल्यासारखं वाटतं, आई म्हणाली.
ती इस्पितळात रात्रपाळीला असे, तिला माहीत असणार.

यंत्राच्या पाठीला जादा मेमरीची डबी खोचायची.
नाकापेक्षा मोती जड.
कुणी टेबलाला धक्का दिला, कुणी मोठ्यानं शिंकलं,
की डबी हले, पडदा पांढराफटक,
तीन तास टाइप केलेलं डॅन्यूबमध्ये.
शेवटी रादिवोयनं ती च्युइंगमनं चिकटवली.
ते च्युइंगम मी चघळून दिलं होतं.
विज्ञानाला माझा हातभार एवढाच.

प्रिंटर होता तळहाताएवढा,
चंदेरी कागदावर अक्षरं भाजून काढायचा,
केस जळाल्यासारखी घाण सुटायची.
त्यावर मी बाबांना वाढदिवसाचं पत्र छापलं.
त्यांनी कौतुकानं खिडकीच्या काचेला लावलं,
आणि उन्हानं ते आठवड्यात वाचून संपवलं.

एक पेन होतं, पडद्यावर प्रकाशानं चित्र काढायचं.
ते दोन बोटं चुकायचं.
घर काढावं, तर शेजारी उमटे.

पण खरी गंमत मंगळवारी, रात्री साडेदहाला.
रेडिओवरचा माणूस घसा खाकरून सांगायचा,
मंडळी, कॅसेट तयार ठेवा,
आणि मग चार मिनिटं
पत्र्यावरून खिळे ओढावेत,
बरणीत गांधीलमाशा कोंडाव्यात तसा आवाज.
त्या आवाजात आख्खा खेळ असायचा.
हवेतून यायचा, फुकट, गच्चीवरच्या तारेतून.
आमच्याकडे जोडायची वायर नव्हती.
रेकॉर्डर रेडिओच्या तोंडाशी धरायचा
आणि घरानं श्वास रोखायचा.
आईचा डाव हवेत. बाबांचा खोकला घशात.
मी एका पायावर, कारण दुसऱ्याखाली फळी करकरते.

तिसऱ्या मिनिटाला बेल वाजली.
चौथ्या मजल्यावरचे आंताल बाची,
मोडक्यातोडक्या सर्बियनमध्ये, दारातूनच, खणखणीत:
शिडी मिळेल का? दिवा गेलाय.
बाबा म्हणाले, घ्या, घ्या.
शिडी चौकटीला दोनदा आपटली.

खेळ चालला नाही.
रादिवोयनं महिनाभर त्यांना जिन्यात ओळख दिली नाही.

मग ते शरद आलं.
इमारतीत खाकी पाकिटं येऊ लागली, नावानिशी.
आंताल बाचींचा पोरगा वीस वर्षांचा.
एका सकाळी चौथ्या मजल्याचे पडदे नव्हते.
पहाटे पावाच्या रांगेत उभी असलेली दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी
शपथेवर सांगायची:
गाडीच्या टपावर गादी, गादीवर शिडी.
हंगेरीत शिड्या मिळत नाहीत का, बाबा म्हणाले.
मग पुष्कळ वेळ काही म्हणाले नाहीत.

गेल्या रविवारी भाच्यानं, लाझारनं, ती कॅसेट
त्याच्या यंत्रात उतरवून घेतली.
आत्या, इथं मध्ये कुणीतरी बोलतंय,
पण पलीकडचं जुळवता येतं. जुळवलं त्यानं.
अडतीस वर्षांनी खेळ सुरू झाला:
एक चौकोन, दुसऱ्या चौकोनापासून पळणारा.
दोन मिनिटं खेळलो. कंटाळवाणा होता.

म्हणाले, मूळचं लाव, न जुळवलेलं.
खिळे. गांधीलमाशा. बेल.
बाबांचं घ्या, घ्या. आणि पाठोपाठ, इतक्या वेळ अडवलेला,
त्यांचा खोकला.

लाझारनं कान पुढे केला.
हा माणूस कुठली भाषा बोलतोय?

चुकीची सर्बियन, मी म्हणाले.
आमच्या जिन्यातली.