थांबणारा शत्रू

सांगलीत, मार्केट यार्डातल्या आमच्या दुकानाच्या माडीवर
जमाखर्चाचा जुना कॉम्प्युटर आहे.
नवा आला तेव्हा मालक म्हणाले, "जिनगोंडा, हा तू ने."
नेला नाही. घरी जागा कुठंय,
आणि घरी विचारलं असतं,
सत्तेचाळिसाव्या वर्षी गेम कशाला.

कीबोर्डच्या फटीत हळद.
फुंकर मारली की उडते, पुन्हा तिथंच बसते.
'एंटर'चं बटण इतकं पिवळं की
दाबताना पायातली चप्पल काढावीशी वाटते.

सन्मती, भावाची पोर, विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्त करते.
खूळ तिनंच घातलं डोक्यात.
"काका, जपानी घ्या. गोष्ट असते त्यात.
चौघं मिळून गावोगाव फिरतात,
दुकानात तलवारीचा भाव विचारतात, धर्मशाळेत झोपतात,
सकाळी सगळ्या जखमा बऱ्या."
म्हटलं, असली धर्मशाळा मिरजेत असती
तर दवाखान्यांना कुलपं लागली असती.

निवडण्यातच तीन रात्री गेल्या.
पहिल्यातला समुद्र इतका खरा की पाय ओले व्हावेत.
सन्मतीनं चालवून दाखवला, तर डब्याचा पंखा
मळणी यंत्रासारखा ओरडायला लागला. बंद.
दुसरा संपायला एकशे दहा तास.
मी हिशोब मांडला, हाताला सवयच ती:
रोज अर्धा तास, त्यातून सीझनचे महिने वजा,
म्हणजे पुढच्या वर्षीच्या सौद्यापर्यंत
राजकन्या कैदेतच.

तिसरा जुना. ठिपक्याठिपक्यांची माणसं,
रांगोळीतनं उठून चालायला लागल्यासारखी.
चौघांच्या चहा-भडंगाचे पैसे, तेवढीच किंमत.
"हा चालेल तुमच्या डब्यावर," सन्मती म्हणाली.
"आणि ह्यात शत्रू थांबतो."
थांबतो म्हणजे?
"तुमची खेळी होईपर्यंत उभाच राहतो समोर.
जेवून या, झोपून या."

हे काही पटेना.
सत्तावीस वर्षं सौद्यात उभा आहे मी.
ढिगापुढून घोळका सरकतो,
आकडा बोलायला एक श्वास मिळतो,
दुसऱ्या श्वासाला माल दुसऱ्याचा.
गणपती पेठेतल्या गोदामात कृष्णा शिरली
ती काय विचारून शिरली?
हाच डबा डोक्यावर घेऊन जिना चढलो होतो.
खाली पोती फुगत होती,
पाण्याला रंग चढत होता.

घेतला. तिसराच.

नाव टाका म्हणाला. इंग्रजीत, घरं सहाच.
जिनगोंडा बसेना. 'डा' बाहेर राहिला,
राहू दे, पावसात बाहेर राहिलेलं पोतंही
शेवटी आपल्याच वहीत लिहावं लागतं.
बाकीच्यांना यार्डातली नावं दिली.
ढाल भरमूकडे, पाठच तशी आहे त्याची.
हैदरकडे धनुष्य.
औषधवाली हवी होती, तिथं पारूबाई,
सांडलेली हळद झाडून गोळा करणारी,
सुतळीनं कुणाचं बोट कापलं
की त्यातलीच चिमूट दाबून धरणारी.

पहिल्याच माळावर तीन पायांचा कोल्हा आडवा आला.
दात काढून उभा.
यादी उघडली: हल्ला, बचाव, औषध, पळ.

मी हात काढून घेतला.
खाली वॉचमननं शटर ओढलं.
कुठंतरी ट्रॉली मागं घेताना कुणी ओरडलं, "येऊ दे, येऊ दे, बास!"
मी उठलो, माठातलं पाणी प्यालो,
खिडकीशी उभा राहिलो,
खांबावरच्या दिव्याखाली दिवसभराची सांड
पिवळी, कुणाचीच नसल्यासारखी.
एका मांजरानं ती ओलांडली
आणि पुढं चार पिवळी पावलं.
मुद्दाम वेळ काढला. इतका कधी काढला नव्हता.

परत आलो. होता.
जागच्या जागी जरासा वरखाली होत.
भरमूही तसाच, हैदरही.

सन्मतीचा फोन आला. "काका, मारलं का काही?"
"नाही अजून," म्हटलं.
"राहू दे की जरा उभा."