पिवळं माध्यम

रात्री अकराला मी थाळीत सोडला
जिवाणूच्या सालपटाचा एक कण,
वजनकाट्यालाही कळू नये एवढा.
भक्षक पेशी गुलाबी द्रवात
हातपाय पसरून पडल्या होत्या.
जळगावचा मे. रात्रीही बाहेर अडतीस,
उबवणपेटीत सदतीस.
सगळ्या इमारतीत
त्याच तेवढ्या गारव्याला.

सकाळी द्रव पिवळा,
सावद्याच्या चेंबरात रातोरात पिकलेल्या घडासारखा.
पण हा पिवळा आंबट.
साखर अर्धीमुर्धी जाळून
दाराबाहेर फेकलेलं आम्ल.
पेशी जागी झाली, असं आम्ही वहीत लिहितो.

नाना दीपनगरला बॉयलरवर होते, एकतीस वर्षं.
आमच्या दोरीवरचे कपडे
वाळेपर्यंत राखाडी व्हायचे.
'तंतुकणिका म्हणजे पेशीचं वीजघर'
हे मी आठवीत मोठ्यानं वाचलं
तेव्हा ते जेवता जेवता थांबले होते.
पुन्हा वाच, म्हणाले.

आता त्यांना सांगावं लागतं
की शत्रू दिसला की ते वीजघर
वीज करणंच सोडतं.
आतलं चक्र दोन ठिकाणी तुटतं,
तुटल्या जागी माल साचतो
आणि साचलेला मालच भोंगा वाजवतो.
"मंग इज कोठून येते?"

पऱ्हाटीवर, नाना.
भरिताची वांगी भाजायला
कोणी दगडी कोळसा लावत बसतं का?
पऱ्हाटी भडकन पेटते, लगेच बसते,
पेंडीमागून पेंडी लागते,
पण वांग्याला तेवढाच वेळ असतो.
"गह्यरा नास व्हतो म्हना इंधनाचा."
होतो.

त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली
सात महिन्यांची जखम आहे.
वारके सिस्टर दर सोमवारी पट्टी सोडतात,
कडा बघतात, काही बोलत नाहीत.
मला कडेच्या आतलं दिसतं:
एव्हाना जाळ बदलायला हवा होता.
चरबीवर, मंद आचेवर,
तुटलेलं चक्र सांधून
त्याच पेशींनी आता शिवण घालायची असते.
इथे भरीत कधीच झालं,
पंगत उठली, पत्रावळी उडून गेल्या,
आणि या अजून
पेंड्या टाकतायत.

तुटल्या चक्रातूनच एक रेणू गळतो.
तो जाळाला म्हणतो, पुरे.
म्हणजे आग लागतानाच
आपल्या विझण्याचं पाणी भरून ठेवते.
मी तो मोजते.
बर्फात घालून नमुने पुण्याला पाठवते,
आलेख येतो, टेकडीएवढा उंच.
नानांच्या पायात तो गळतो का, माहीत नाही.
माझ्या पेशी उंदराच्या आहेत.

रविवारी फेकरीला गेले
तर ते पाय पाटावर ठेवून बसलेले.
सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाले,
"युनिट चालू कोनी बी करतं.
बंद कराले शिकता शिकता
मले अकरा वर्षं लागली."

पट्टीवर डाग होता.
पिवळा.
मागच्या सोमवारपेक्षा लहान असावा,
मी मोजला नाही.