पश्चिम बाजू, चौथा मजला

ही फट मी भरलेली.
बारा मिलिमीटर, वरून खाली एका दमात,
घोडीवर उभं राहून, बंदुकीचा घोडा न सोडता.
काळं सिलिकॉन. त्यावरून साबणाच्या पाण्यातला चमचा फिरवला
की सांधा गुळगुळीत.
सतराव्या काचेपाशी चमचा हातातून सुटला,
तिथं मी अंगठा फिरवला.

ठसा अजून आहे.
तीन वर्षांनी त्याच्यासमोर
सलाबतदादाची खाट आलीय.

सावद्याला केळीची गाडी भरताना पडला.
दुपारचे दोन, ताप एकशे पाच पॉइंट आठ.
दारावर पाटी: उष्माघात कक्ष.
आणि कक्ष पश्चिमेला.

भुसावळच्या वैशाखात पश्चिम म्हणजे काय,
हे पुण्याहून आलेल्या नकाशाला कोण सांगणार?
नाही, खोटं बोलू नये. नकाशाला माहीत होतं.
पहिल्या कागदावर काचेच्या बाहेर उभ्या पट्ट्या होत्या,
हातभर रुंद, सावलीपुरत्या.
दुसऱ्या कागदावर नव्हत्या.
मध्ये कुठंतरी बैठक झाली असेल,
चहा झाला असेल.

उद्घाटनाला सगळे म्हणाले, परदेशासारखं दिसतं.
दिसायचंच. संध्याकाळी अख्खा सूर्य भिंतीवर,
रेल्वे कॉलनीतली पोरं डोळ्यांवर हात धरून बघायची.
पाण्याच्या चाचणीला बाहेरून तासभर टँकर मारला,
आत मी बॅटरी घेऊन उभा.
थेंब नाही. साहेबानं पाठ थोपटली.
थेंब येत नाही तिथून झुळूकही यायची नाही,
हे मला तेव्हा सुचलं नाही.

शेजारच्या खाटेवरची पारोळ्याची बाई विचारते,
"हाई काच शे का आभाय शे, भाऊ?
उघडस का?"
"नाही माय."

नातेवाइकांनी भाताच्या शितांनी पेपर चिकटवलेत.
त्यावरचे पुढारी पिवळे पडलेत.
एसी दोन, एक कायम दुरुस्तीला.
मावची सिस्टरनं घरून आणलेलं थर्मामीटर
खिळा ठोकता येत नाही म्हणून सलाईनच्या दांडीला बांधलंय.
एकोणचाळीस.
"तडवीभाऊ, तुम्ही इथंच होतात ना कामाला?"
मी सतराव्या काचेकडं बघतो.

पेपरचा उपयोग नाही, हे मला कळतं.
ऊन एकदा काच ओलांडून आलं
की व्याह्यासारखं ठाण मांडून बसतं.
अडवायचं तर उंबऱ्याबाहेर.

न्हावीच्या रोपवाटिकेत जुनी शेडनेट पडून होती,
केळीच्या रोपांवर दोन उन्हाळे काढलेली, जागोजागी शिवलेली.
मेहुण्याचा टेम्पो. रात्री साडेअकरा.
गच्चीवर इंदल पावरानं दोर धरला,
तोच इंदल, जो तेव्हा माझा झुला धरायचा.
कठड्याला तारेनं आवळली, खाली सोडली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून टोकांना विटा.
वॉचमननं विचारलं, काय चाललंय?
इंदल म्हणाला, राहिलेलं काम.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पारा पस्तीस.
चार अंश.
पारोळ्याची बाई उठून बसली, अर्धी भाकरी खाल्ली.
दादानं डोळे उघडले. सगळीकडं हिरवं.
म्हणाला, "कोणाची लागण रे ही?"
डॉक्टरांना वाटलं, आजाराचं विचारतोय,
ते समजावू लागले, उष्माघात लागत नाही,
एकाचा दुसऱ्याला होत नाही.
दादा ऐकून घेत होता
आणि छताकडं बघत घड मोजत होता.

सोमवारी कागद आला, मावची सिस्टरच्या नावानं:
इमारतीचा दर्शनी भाग विद्रूप करणाऱ्याचं नाव
तीन दिवसांत कळवावं.
तिनं कागदाची घडी घातली,
इंजेक्शनच्या ट्रेखाली सारली, आणि पुढच्या खाटेकडं गेली.

मी म्हटलं, लिहा नाव. सही देतो, येते मला.
मग वाटलं, सही कशाला.
चौथा मजला, पश्चिम, सतरावी काच.
अंगठा तीन वर्षांपूर्वीच उठवलाय.