गुळाचं पाणी

शाहूपुरीतली शाळा, जेवणानंतरचा तास.
जुन्या सेलमधल्या दोन काळ्या कांड्या
ऊर्ध्वपातित पाण्यात सोडल्या.
दिवा गप्प.
इतकं स्वच्छ पाणी, की कुणाचं काही पोचवत नाही.

साखर टाकली. विरघळली,
पण अख्खीच राहिली आतल्या आत.
दिवा गप्पच.
मग चमचाभर मीठ:
पाण्यात शिरलं आणि दुभंगलं,
अर्धं या कांडीकडे, अर्धं त्या,
भक्कन उजेड.
मागच्या बाकावरून शिट्टी.

आरफा मुल्लाणी उठली.
वडील गूळबाजारात तोलाईला.
डब्याच्या झाकणात खडा होता.
"सर, आता ह्यो टाका की."

नव्या पाण्यात टाकला. लागला नाही दिवा.
मी फडकं उचललं
तर म्हणाली, "थांबा वं, काटा बघा."

हलला होता. केसभर.
गुळातली साखर काही वाहून नेत नाही;
नेतं ते, जे कारखान्यात धुऊन टाकतात:
शेताचे क्षार,
उसानं मुळाशी ओढून घेतलेले,
काहिलीतही न जळलेले.

वहीत तिनं लिहिलं,
दिवा नाही. काटा हाय.
'हाय'वर गोल करायला
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
आणि परत लावलं.