अपेक्षित उत्तर

टाचणवहीच्या डाव्या रकान्यात माझे प्रश्न,
उजव्या रकान्यात मुलांची अपेक्षित उत्तरं.
दोन्ही मीच लिहिते,
परभणीच्या होस्टेलवर, रात्री, लाईट असली तर.

सराव पाठ क्रमांक सतरा. इयत्ता चौथी. घटक: अपूर्णांक.
साहित्य: रंगीत तक्ता, फ्लॅनेल बोर्ड.
फ्लॅनेल बोर्ड मी आजवर पाहिलेला नाही,
पण लिहिला नाही तर दोन गुण जातात.

जिंतूरच्या पुढं फाट्यावरून जीपला लोंबकळत
तांड्यावर पोचले.
शाळा दोन खोल्यांची. एकीला कुलूप,
आत तांदळाची पोती
आणि अजून प्लास्टिक न काढलेला कॉम्प्युटर.
दुसरीत पहिली ते चौथी
चार दिशांना तोंडं करून बसलेली.

कानगुले सर एकटेच, तेही मतदारयाद्यांना निघालेले.
गाडीला किक मारत म्हणाले,
"चौथीच कामून, समदेच घ्या बाई.
अन् फळ्याचं तेवढं बघा. खडू उठंना गेलाय."

फळा नव्हता.
पांढुरकी पडलेली एक भिंत होती,
तिच्यावर कधीकाळी फळा होता.

पोमानं दप्तरातून टॉर्चचे दोन मेलेले सेल काढले,
दगडानं फोडले.
कुणी वालाची पानं आणली.
झमकूनं पायरीवरच ती रगडली, काळ्या पुडीत कालवली,
आणि चिंधी माझ्या हातात दिली
जणू एवढं तर मला येतच असणार.
ओढणी खोचून मी भिंत सारवायला लागले.

वट्टमवार मॅडम अकराला येणार होत्या.
साडेदहालाच आल्या.
भिंत ओली.

म्हणून तोंडीच:
"एका भाकरीचे चार समान भाग केले,
तर एका भागाला काय म्हणू?"
(उजवीकडे लिहिलेलं: पाव.)

कुणीच काही बोललं नाही.
पहिलीतल्या पोरीनं शेजारणीला हळूच विचारलं.
"बाटी," झमकू म्हणाली, तिच्याकडं न बघता.

मी म्हणाले, बाटी.
आणि सगळे जरा पुढं सरकून बसले.

मी पहिलीत होते तेव्हा
चित्राखाली "आई" लिहिलं होतं.
मला कितीतरी दिवस वाटायचं
हे त्या साडीतल्या बाईचं नाव आहे.
आमच्या घरी तर अम्मी होती.

"एका बाटीचे चार समान..."
पोमा उठला. "समान होत नाहीत, बाई."
कामून?
"धाकट्याला मोठा द्यावा लागतो. नाही तर रडतो.
मग बाकी तिघांचं जे उरतं
त्याला काय म्हणायचं?"

मी उजव्या रकान्यात पाहिलं.
मागं मॅडमचं पेन चाललेलं
सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

शेरा: आवाज स्पष्ट. साहित्याचा वापर नाही.
फलकलेखन नाही. वेशभूषेकडे लक्ष द्यावे.
अपेक्षित उत्तर मिळाले नाही.
पंचवीसपैकी तेरा.

दारात चपला घालता घालता
मॅडमनी पोमाला विचारलं,
"किती लहान आहे रे तो?"
त्यानं हात गुडघ्यापर्यंत नेला,
मग थोडा वर घेतला.

दुपारी भिंत वाळली.
पहिली रेघ कुणी मारायची यावरून भांडण झालं,
खडूचे तीन तुकडे झाले,
तेही समान नाहीत.

शनिवारी घरी गेले, सेलूला.
अम्मीनं माझी नखं उलटीसुलटी करून पाहिली.
"ये हातां कू क्या लगा गे?"

फळा, म्हणाले.
आमच्या घरात त्याला
दुसरा शब्दच नाही.